चूलबंद आमंत्रण

आमच्या घरात समई एकच होती आणि ती आईच्या मागोमाग हिंडत असे. वाड्यावरचा सायंकाळचा चौघडा थांबला की आई ती देवापुढे लावी. परवचा संपला की तीच समई चुलीपाशी येई, जेवणे झाली की ओसरीवर तात्यांच्या बोरूपाशी जाई, आणि तात्यांचे दुसऱ्या दिवसाचे कित्ते लिहून झाले की आई तिची वात चिमट्याने मागे ओढून विझवी. फुंकर घालून विझवलेली वात धुमसत राहते आणि बोटभर जळून वाया जाते. मागे ओढलेली वात तेलात बुडून उद्यासाठी तयार राहते. हे कारण आईने मला सांगितले तेव्हा मी पाच वर्षांची असेन. आज माझ्या घरात चार समया आहेत आणि तेलाचा बुधला कधी रिकामा होत नाही. तरीही वात फुंकून विझवताना मी कोणाला पाहिले की माझा हात आपसूक पुढे जातो. सुना हसतात. हसोत बापड्या.

शनिवार पेठेत गोदाकाकूंच्या घराच्या पुढच्या अंगाला आमचे बिऱ्हाड होते: दोन खण, चुलीपुरता आडोसा आणि एक लांब ओसरी. या ओसरीसाठीच तात्यांनी ती जागा घेतली होती, कारण तात्या पंतोजी होते आणि ओसरी हीच त्यांची शाळा होती. सकाळी पंचवीस-तीस मुले धूळपाट्या घेऊन येत, फळीवर विटेची बारीक पूड पसरून तीत काडीने अक्षरे काढीत आणि पुसून पुन्हा काढीत. दुपारपर्यंत घर पाढ्यांनी भरलेले असे. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे मुले इतक्या ठेक्यात म्हणत की गोदाकाकूंची गाय त्या तालावर रवंथ करते, असे तात्या म्हणत. तात्यांची कमाई मात्र अशा ठेक्यात येत नसे. कोणी महिन्याला दोन आणे देई, कोणी पौर्णिमा-अमावास्येला शिधा पाठवी, कोणी नुसताच नमस्कार करी. तात्या तिघांनाही सारखेच शिकवीत. घर चालवणे आईकडे होते.

आईच्या पद्धती मी येथे थोड्या सविस्तर लिहिते, कारण त्या मला पुढे उपयोगी पडल्या आणि वाचणाऱ्यांनाही पडतील. समईवर ती एक खापर पालथे टांगून ठेवी. त्यावर धरलेली काजळी आठवड्याने खरवडायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलायची आणि तात्यांच्या दौतीत भरायची. तेल एकदा विकत घेतले, पण त्याचा उजेडही मिळाला आणि शाईही. तात्यांचे धोतर जीर्ण झाले की त्याच्या धडक्या भागाचा गोविंदासाठी, म्हणजे माझ्या धाकट्या भावासाठी, पंचा होई. पंचा विरला की चुलीपाशी धरायचे फडके होई, आणि फडक्याच्या चिंध्या झाल्या की त्यांच्या वाती होत. दोडका आणला की त्याच्या शिरांची चटणी व्हायची, भोपळा आणला की बिया सुकत पडायच्या. तांदळाचे धुवण गोदाकाकूंच्या गाईला जाई आणि त्याच्या बदल्यात रोज लोटाभर ताक येई. भाजीला आई सकाळी कधीच जात नसे. वाड्यापुढच्या मैदानात बाजार भरे, तेथे ती उन्हे कलल्यावर जाई आणि माळणीशी घासाघीस न करता नुसती उभी राही. माळणीला गावाकडे परतायची घाई असे. "घ्या वो बाई, तुमच्यापायीच थांबलीय म्या," असे म्हणून ती मेथीच्या उरलेल्या जुड्या आईच्या पदरात टाकी. भाजी घरी आली की पाला शिजवायचा, कोवळे देठ पिठल्यात चिरायचे आणि निबर देठ पुन्हा गाईला.

पेठेत याची चर्चा होई, आणि पुण्यात चर्चा पाठीमागे होत नाही, दारात उभी राहून होते. "पंतीणबाई," गोदाकाकू म्हणत, "तुमच्या घरचं मांजरसुद्धा दूध मागत नाही हो, कशी शिस्त लावलीत?" आई शांतपणे उत्तर देई, "मांजरानं उंदीर धरावेत म्हणून ठेवलंय काकू. दुधाला गोविंदा आहे." आणि हे खरे होते. गोविंदाला रोज दूध मिळे, दारी आलेल्याला भिक्षा मिळे, शाळेतला एखादा मुलगा उपाशी आलेला दिसला तर त्याच्यापुढे भाकरी येई. आईची मोजमापे घरातल्या हातांना होती, दारातल्या हातांना नव्हती.

माझे शिक्षणही याच घरातल्या मापाने झाले. मुलींना धूळपाटी मिळत नसे आणि मी ती मागितलीही नाही. सकाळी मी ओसरीच्या दाराआड तांदूळ निवडायला बसे. पलीकडे मुले घोकत असत, अलीकडे मी खडे वेचीत मनात म्हणत असे: बे निमे एक, तीन निमे दीड. तात्या मुलांना अक्षराचे वळण समजावून सांगत, तेव्हा मी सुपात तांदूळ पसरून त्यात बोटाने तेच अक्षर काढीत असे. एकदा आई मागे येऊन उभी राहिली. मी सूप हलवून अक्षर मोडले. ती म्हणाली, "मोडलंस कशाला? नीट आलं होतं." मग वळता वळता म्हणाली, "पण खडा राहता कामा नये." तात्यांना यातले काही ठाऊक नव्हते. सांगावे असे आम्हा दोघींना कधी वाटले नाही; विचारले असते तर सांगितले असते.

गोविंदाला सातवे संपून आठवे लागणार होते आणि त्याची मुंज त्या वसंतात व्हायची होती. या मुंजीसाठी आईने दोन वर्षे तयारी केली होती. रोज स्वयंपाकाला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ ती कोपऱ्यातल्या मोठ्या रांजणात टाकी. गव्हाची तशी, डाळीची तशी, आपापल्या मडक्यात. मूठ काढल्यानंतर उरलेले धान्य तेवढेच शिजवायचे, वरून भर घालायची नाही. ती मूठ आम्हाला कधी जाणवली नाही, आणि तेच तिचे रहस्य होते: वाचवायचे ते शिजण्याआधी वाचवायचे; शिजल्यावर वाचवू गेले तर कोणाच्या तरी ताटातले जाते. गुळाच्या ढेपा सुगीत घेतल्या होत्या. हिवाळ्यात पळसाची पाने आणवून आम्ही मायलेकींनी पत्रावळी लावून ठेवल्या होत्या. साठ पाने जेवतील असा तिचा अंदाज होता आणि तिच्या नियमाप्रमाणे सामान सवाईने, म्हणजे पंचाहत्तर पानांचे, जमले होते. आमंत्रण घरटी एक असे ठरले होते. आमच्यासारख्या घरी ती रीतच होती आणि त्यात कोणी कमीपणा मानत नसे.

आईचा हट्ट एकच होता. मुंज कर्जाशिवाय व्हायची. तिच्या वडिलांचे कोकणात नारळी-पोफळीचे आगर होते. आईच्या लग्नात तीन दिवस पंगती उठल्या आणि त्या पंगतींसाठी ते आगर गहाण पडले. ते परत सुटले नाही. माझे मामा तेव्हा दुसऱ्याच्या आगरात शिंपणे करीत, एवढेच ती सांगे. पुढे बोलत नसे. पण तात्यांनी मुंजीचा विषय पहिल्यांदा काढला, तेव्हा ती जे म्हणाली ते मी ऐकले होते. "माझ्या लेकराच्या मुंजीचं जेवण जेवून लोक घरी जातील, आणि आपण ते पुढली दहा वर्षं जेवत बसू, असं व्हायला नको."

मुंजीला चार दिवस असताना जनूकाका आले. हे तात्यांचे धाकटे भाऊ. ते एका सरदाराच्या पागेत होते. वर्षातले आठ महिने मुलुखगिरीवर आणि उरलेले चार महिने त्या गोष्टी सांगण्यात. अंगाने आडवे, आवाज ओसरी दणाणून सोडणारा, मन मोठे आणि कनवटीला बहुधा काही नसे. आम्हा मुलांचे ते दैवत होते. आल्या आल्या त्यांनी रांजण पाहिला, पत्रावळी पाहिल्या आणि आईला म्हणाले, "वहिनी, तुम्ही किल्लेदार व्हायला हवं होतं. वेढा पडला तरी सहा महिने गड पडायचा नाही."

"आत भावजी नसले तर वर्षभरही पडणार नाही," आई म्हणाली आणि त्यांच्या पानात तिसरी भाकरी वाढली.

आमंत्रणाची अक्षत द्यायला उपाध्यायांबरोबर घरचे एक माणूस जावे लागते. तात्यांची शाळा होती, म्हणून काका गेले. डोईला ठेवणीतले पागोटे, खांद्यावर शेला, हातात अक्षतांची वाटी. संध्याकाळी ते फार आनंदात परतले. "सगळ्यांना बोलावून आलो," एवढेच म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मुंजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी आणि आई हौदावर पाण्याला गेलो होतो. वैद्यबुवांच्या घरच्या काकू तेथे कळशी घासत होत्या. आईला पाहून त्या तोंडभर हसल्या. "पंतीणबाई, उद्यासाठी आजच चूल सारवून ठेवली हो! चूलबंद बोलावणं म्हणजे आम्हा बायकांना सणच. पोरं तर आत्तापासून उड्या मारताहेत." चूलबंद आमंत्रण म्हणजे काय हे जाणत्यांना सांगायला नको, पण माझ्या नातींना ठाऊक नसेल म्हणून लिहिते. घरटी एक म्हटले की घरातले एक माणूस जेवायला येते. चूलबंद म्हटले की त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या, पाळण्यातले पोर, सगळ्यांनी यायचे.

आई म्हणाली, "अगदी लवकर या. वाट पाहते." तिचा आवाज जराही हलला नाही. फक्त कळशी डोक्यावर घेताना तिच्या खांद्यावर पाणी सांडले. हौदापासून घरापर्यंत थेंब न सांडता पाणी आणणारी माझी आई. तिच्या पदरावरचा तो ओला डाग पाहून मी घाबरले.

घरी येऊन तिने काकांना एकच विचारले, "भावजी, किती दारांत चूलबंद म्हणालात?"

काकांनी आधी तात्यांकडे पाहिले, मग जमिनीकडे. "सगळ्याच."

"सगळ्याच!" तात्या उठून उभे राहिले. "जन्या, अरे तीस दारं आहेत ती!"

"पहिलं दार वैद्यांचं होतं, दादा. मागे गोविंदाच्या तापात त्यांनी रोज येऊन मात्रा दिली, एक पैसा घेतला नाही. त्यांच्या उंबऱ्यात उभं राहून 'तुमच्यातला एक या' हे माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, चूलबंद या. शेजारचे आपल्या दारातून ऐकत होते. मग त्यांना कमी कसं म्हणू? आणि मग पुढच्यांना?" त्यांचा तो दणदणीत आवाज पार बसला होता. "मी आत्ता सावकाराकडे जातो. माझ्या नावावर काढतो पैसे. तुम्हाला तोशीस नाही."

"तुमचा मागल्या स्वारीचा पगार आला का?" आईने विचारले.

"येईल की."

"सावकार तो यायची वाट बघत नाही, व्याज मोजतो," आई म्हणाली. मग मात्र तिचा स्वर बदलला. "वैद्यांच्या दारात मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. आता झालेलं झालं. अक्षत काही परत मागता येत नाही."

तात्या येरझारा घालू लागले. आईच्या हातात सोन्याच्या दोन पाटल्या होत्या, तेवढेच सोने घरात होते. तात्यांची नजर त्यांच्यावर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. पण ती गेली हे आईने पाहिले, आणि मीही. पाटल्या तिने पदराखाली घेतल्या, खाली बसली आणि म्हणाली, "आधी किती जेवतील ते तरी कळू दे. माणसं मोजली म्हणजे पानं मोजली असं नव्हे. मी घरं सांगते. पोर म्हणजे अर्धं पान, म्हातारं माणूस म्हणजे पाऊण. वैद्यांकडे मोठी चार, म्हातारी दोन, पोरं सात."

"थांब, लिहून घेतो," तात्या बोरू शोधू लागले.

"चार, त्यात बे पाऊणे दीड, आणि सात निमे साडेतीन," दाराआडून मी म्हणाले. "नऊ पानं."

मी ते सवयीने म्हणाले होते. तात्या दारापाशी आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या पुढ्यातल्या सुपाकडे पाहिले. सुपातल्या तांदळात मी बोटाने नवाचा आकडा काढला होता. बोरू शोधायचे त्यांनी सोडून दिले. मग आईला म्हणाले, "पुढचं घर सांग."

आई सांगत गेली, मी मिळवीत गेले. पेठेतल्या प्रत्येक घरात किती म्हातारी माणसे आहेत, कोणाचे पोर अजून अंगावर पिते, कोणाचे पोट दुखते म्हणून ते माणूस फक्त वरणभात खाते, हे सगळे आईला पाठ होते. तात्या मधूनमधून एखादी बेरीज मला पुन्हा म्हणायला लावीत आणि मान हलवीत. काका स्वतःहून म्हणाले, "मला दीड धरा," आणि त्या प्रसंगातही आई हसली. माणसे दीडशेच्या वर भरली, पण पाने एकशे आठ झाली. "जपमाळ झाली," तात्या म्हणाले. सामान पंचाहत्तर पानांचे होते. तेहतीस पाने कमी पडत होती.

येथे आईने जे सांगितले ते मी आयुष्यभर पुन्हा पुन्हा तपासून पाहिले आहे आणि ते प्रत्येक वेळी खरे ठरले आहे. ती म्हणाली, "आजवर जेवढ्या पंगतींना गेले, तेवढ्यांच्या उष्ट्या पत्रावळी मी नीट पाहिल्या आहेत. वाढणारा वाटीएवढ्या ओगराळ्यानं भात ओततो. जेवणाऱ्याचं पोट भरतं, पण पान भरलेलंच राहतं. दीड माणसाचं अन्न एका पानात पडतं. मग पंचाहत्तर पानांचं सामान खरं किती पानांचं?"

"पंचाहत्तर दीड एकशे साडेबारा," मी म्हणाले.

"म्हणजे पुरतं," आई म्हणाली. "पण वाया न जाता."

"वहिनी, लोक म्हणतील हात आखडून वाढलं," काका म्हणाले. ते खरोखर कळवळले होते.

"हात आखडायचा नाहीच. हात लहान करायचा आणि फेऱ्या वाढवायच्या. भावजी, एका पंगतीत तुम्ही किती वेळा फिरू शकाल?"

"आठ कोस चालून आलो तरी दहा वेळा फिरेन!"

"मग उद्या वाढायला पुढे तुम्ही. तुमच्या तोंडचा आग्रह आणि माझ्या हातची पळी."

गोदाकाकूंनी मुंजीसाठी मोठी पातेली आणि ओगराळी दिली होती. आईने पातेली ठेवून घेतली आणि ओगराळी माझ्या हाती परत पाठवली. गोदाकाकूंनी ती मोजून घेतली आणि माझ्या तोंडाकडे पाहात म्हणाल्या, "मग वाढणार कशानं? संध्येच्या पळीनं का?" मी हे आईला सांगितले नाही. बाकी दिवस कामात गेला. पत्रावळी कमी होत्या; मुलांसाठी आम्ही अर्ध्या आकाराच्या लावल्या. लहान पान भरलेले दिसते आणि पोर त्यात हरवत नाही. कढीचे ताक वैद्यांच्या काकूंनी आपणहून पाठवले. गव्हाच्या खिरीसाठी गहू भिजत पडले. दिवेलागणीला आईने सगळ्या पळ्या घासून एका ओळीत मांडल्या आणि त्यांतली एक उचलून काकांच्या हातात दिली; काका ती तलवारीसारखी उलटसुलट पाहात होते.

मुंजीचा विधी मी वर्णीत नाही. तो सर्वत्र सारखाच असतो. मातृभोजनाच्या वेळी गोविंदा आईच्या ताटात शेवटचा जेवला, तेव्हा तिने त्याला भरवलेला घास नेहमीएवढाच होता, हे मात्र माझ्या लक्षात आहे. डोळे तिचे भरले होते.

मग पंगती बसल्या. पहिली मुलांची, दुसरी पुरुषांची, तिसरी बायकांची. आई चुलीच्या आडोशाला उभी राहून भात काढून देई. मी तिच्याजवळ होते. ओळीच्या पहिल्या टोकाला काका पळी घेऊन उभे राहिले आणि त्यांचा आवाज परत आला. "वैद्यबुवा, एवढासा भात? आम्ही स्वारीवर घोड्याला याहून जास्त घालतो! घ्या, घ्या, माझ्यासाठी एक पळी!" पळी पडे, वैद्यबुवा दोन्ही हात पानावर आडवे धरीत, काका पुढे सरकत. टोकाला पोचले की वळून पुन्हा पहिल्या पानाशी. "आजोबा, दात नाहीत ना? खिरीला दात कशाला? एकच पळी." पुन्हा. "पळीभर घेतलीत ती माझ्या दादासाठी, आता वहिनीसाठी." जो नको म्हणे त्याच्या पानात खरोखर काही पडत नसे, आणि जो नुसता पाहात राही त्याच्या पानात आग्रहाची वाट न पाहता दोनदा पडे. आईने त्यांना ते शिकवले होते: तोंडाकडे पाहू नका, पानाकडे पाहा. मोकळे पान बोलते. तात्यांच्या शाळेतली थोरली मुले त्यांच्यामागून वरण, कढी आणि तूप घेऊन फिरत होती. इतकी हसलेली पंगत मी पुढे क्वचितच पाहिली. आणि आडोशाला माझी आई दर फेरीनंतर पातेल्यात डोकावत होती. प्रत्येक वेळी तिचा डावा हात उजव्या मनगटावरच्या पाटल्यांवर जाई आणि परत येई.

बायकांची पंगत शेवटाला आली तेव्हा भाताच्या पातेल्याचा तळ दिसू लागला होता. वैद्यांच्या काकूंनी हात धुण्याआधी म्हटले, "पंतीणबाई, पोट भरलं हो. किती वेळा विचारलंत, ना म्हणता म्हणता थकले." आईने तेव्हा पाटल्यांवरचा हात काढला. घरची माणसे आणि वाढणारे शेवटी बसले. आमच्या पानात भात होता, कढी होती. खीर गोविंदापुरती आणि काकांपुरती उरली. काकांनी आपली वाटी माझ्यापुढे सरकवली. "ही हिशेबनिसाला," ते म्हणाले.

उन्हे उतरल्यावर उष्ट्या पत्रावळींचा ढीग गोठ्याशी नेऊन टाकला. पेठेतली कोणतीही पंगत झाली की गोदाकाकूंची गाय त्या ढिगातून दोन दिवस जेवत असे. त्या दिवशी ती एकेक पान हुंगत पुढे गेली आणि मान वर करून हंबरली. गोदाकाकू पदर खोचून तेथे आल्या. त्यांनी दोन-चार पाने उलटून पाहिली. सगळी पुसल्यासारखी होती.

"पंतीणबाई," त्या म्हणाल्या, "सगळ्या पेठेला जेवू घातलंत आणि आमच्या गाईची मात्र उपासमार केलीत."

"तिचं उष्ट्यातलं नाही काकू," आई म्हणाली, "तिचं आधीच काढून ठेवलंय." आणि तिने सकाळीच झाकून ठेवलेला गोग्रास, खीर घातलेला, गाईपुढे धरला. गोदाकाकूंनी हातातले पान ढिगावर टाकले. मग म्हणाल्या, "पळ्या कुठून घेतल्यात हो त्या?" पुण्यात यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

काका दोन दिवसांनी पागेकडे निघाले. जाताना त्यांनी आईकडे ती पळी मागितली. "आठवण म्हणून द्या वहिनी. पागेतल्या आचाऱ्याला शिकवतो."

"पळी घरात लागते," आई म्हणाली. "आठवण तोंडानं ठेवा. तुमचं तोंड काय कमी आहे?" काका इतके हसले की त्यांचे पागोटे कलले. पण उंबरा ओलांडण्याआधी त्यांनी वाकून तिला नमस्कार केला, आणि तो नेहमीपेक्षा लांब होता.

तात्यांनी मला त्या प्रसंगाविषयी काहीच विचारले नाही. काका गेले त्या दिवशी सकाळी मुले यायच्या आधी त्यांनी ओसरीच्या टोकाला, दाराला लागून, एक नवी फळी ठेवली आणि तिच्यावर विटेची पूड पसरली. मी सूप घेऊन दाराआड बसणार तोच ते म्हणाले, "यमे, तिथं नको. इकडे बस."

मी आईकडे पाहिले. लग्न होऊन सासरी जाईपर्यंत माझ्या वाट्याला त्या ओसरीवरची जेमतेम दोन वर्षे आली, पण जे मी आज लिहिते आहे ते त्या दोन वर्षांच्या बळावर.

"आणि तांदूळ?" मी विचारले.

"तांदूळ मी निवडीन," आई म्हणाली. मुंजीनंतर रांजण रिकामा होऊन कोपऱ्यात पालथा पडला होता. तिने तो सरळ केला, आतून पुसला, दिवसाचे तांदूळ मापून काढले आणि त्यातली एक मूठ रांजणात टाकली. तळावर पडलेल्या दाण्यांचा आवाज ओसरीपर्यंत आला.

"आता कशासाठी?" तात्यांनी हसून विचारले.

"ते अजून ठरायचंय," आई म्हणाली, आणि चुलीकडे वळली.